कोर्टाचं फाटक

"घंटी वाजली की आधी फाटक लाव. कोण आलंय, कशाला आलंय, ते मागाहून बघ."

माझे सासरे जाऊन बराच काळ लोटला, पण हे वाक्य आमच्या घरात अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. ते रेल्वेच्या फाटकावर होते. त्यांच्यामागून आमचे हे त्याच फाटकावर लागले आणि लग्न होऊन मी आले तीही फाटकाशेजारच्या खोलीतच. इतर सुनांना सासरी घरची रीत शिकवतात, मला घंटीची शिकवली. पलीकडच्या स्टेशनातून घंटी आली, म्हणजे गाडी निघाली. मग रस्त्यावर वरात असो की अंत्ययात्रा, फाटक पडलं म्हणजे पडलं. एकदा रेल्वेचेच मोठे साहेब मोटारीत बसून भोंगा वाजवत राहिले आणि ह्यांनी त्यांनाही रूळ ओलांडू दिले नाहीत. जाताना साहेबांनी वहीत शेरा लिहिला. तो शाबासकीचा होता की कानउघाडणीचा हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण साहेबांचं अक्षर कुणालाच लागलं नाही.

असं ते फाटक गेलं. रस्त्यावर पूल झाला, गाड्या खालून आणि माणसं वरून जाऊ लागली, आणि मधले आम्ही 'जादा' ठरलो. आमटीत मीठ जादा होतं हे ठाऊक होतं. माणूसही जादा होतो हे तेव्हा कळलं. जादा माणसांना दुसऱ्या सरकारी कचेऱ्यांत सामावून घ्यायचं ठरलं आणि ह्यांच्या वाट्याला आलं जिल्हा न्यायालय. आवक-जावक विभागात कारकून. वर्षभर उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. मागे फिरायला फाटक नव्हतंच.

मला आनंद झाला. लपवून काय करू? ऊन, पाऊस, अवेळीची गाडी आणि वाहनवाल्यांच्या शिव्या, एवढ्यातच ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला खुर्ची मिळणार होती, डोक्यावर पंखा मिळणार होता. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही, पण नव्या गल्लीत खोली घेतली तेव्हा आल्या-गेल्याला हळू आवाजात सांगितलं, "आमचे हे कोर्टात असतात." हळू सांगितलेली गोष्ट जास्त लांब जाते.

माझे रोजचे काही नेम आहेत. दुपारपर्यंत कुणाला कडू शब्द बोलायचा नाही. दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही. दिवेलागणीचा जप झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. पहिला नेम मी लग्नानंतर लगेच घेतला, का ते विचारू नये. सकाळी सुचलेलं कडू दुपारपर्यंत जपून ठेवावं लागे आणि दुपारी हे ड्यूटीवर असत. आमचा संसार टिकला त्याचं थोडं श्रेय ह्या वेळापत्रकाला आहे.

तर कोर्टाने कळवलं, रेल्वेचा सुटकेचा दाखला घेऊन हजर व्हा. रेल्वेने कळवलं, सामान परत करा, मग दाखला. सामान ते केवढं! कंदील, हातोडी, शिट्टी, एक हिरवा झेंडा, एक लाल. हे सगळं पुसून-पासून भांडारात घेऊन गेले. भांडारपालाने लाल झेंडा उलगडला आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं.

"हा गुलाबी आहे."

"उन्हाने विटलाय हो साहेब."

"पुस्तकात लाल लिहिलाय. मी गुलाबी जमा करून घेतला तर लाल कुठे गेला, हे मला विचारतील. विटल्याचा दाखला आणा."

विटल्याचा दाखला देणार कोण? हे तपासनिसांकडे गेले. तपासनीस भला माणूस. म्हणाला, "मी फाटकावर आलो होतो तेव्हा तो लालच होता. माझ्यासमोर काही विटला नाही. मी खोटं कसं लिहू?" इकडे कोर्टाची मुदत संपत आलेली. एका झेंड्याच्या रंगावर आमची खुर्ची अडली.

तेव्हा धावून आल्या शिलाईवाल्या बाई. गल्लीच्या तोंडाशी त्यांची एक खोली. त्यात शिवणयंत्र, कापडांचे गठ्ठे, आणि भिंतीला लागून अंथरुणाला खिळलेली धाकटी बहीण. गल्लीतल्या बायका माप द्यायला जात आणि बहिणीशी गप्पा मारून येत. बहीण खिडकीतून दिसणाऱ्या एका झाडाच्या भरवशावर दिवस काढायची. मी गाऱ्हाणं सांगितलं तसं बाईंनी गठ्ठ्यातून लालभडक कापड ओढलं, गुलाबी झेंड्यावर ठेवून बेतलं आणि बोलता बोलता शिवूनही टाकलं.

"दादा कोर्टात लागतायत ना, वहिनी? माझीपण तिथे तारीख असते. मालकाला ही खोली हवीय. आपलं एक माणूस आत असलेलं बरं."

"असू दे की," मी म्हणाले. "आता आपलंच कोर्ट."

हे वाक्य देवाने ऐकलं असणार.

लाल झेंडा जमा झाला, दाखला हातात पडला. आता कोर्टाविषयी सल्ला द्यायला आमच्या शेजारी कायदेकाका होते. हयात एका वकिलाच्या कारकुनीत घालवलेले. स्वतः कधी खटला लढवला नाही, पण बायकोने मीठ विसरलं तरी "खुलासा सादर करा" म्हणायचे. त्यांनी ह्यांना समोर बसवलं. "हे बघा, कोर्टात घाई करायची नाही. घाई करणाऱ्या माणसाचा तिथे संशय येतो. कागद आला की आधी त्याला झोपू द्या. उठला की मग पुढे सरकवा." माझ्या जाऊबाईंचं म्हणणं वेगळं. "भावोजींना चष्मा घ्या. बिनचष्म्याचा कारकून म्हणजे बिनपाण्याचा नळ." ह्यांची नजर गरुडाची. तरी साध्या काचांचा चष्मा घेतला. त्यात हे इतके विद्वान दिसले की मी क्षणभर पदर सावरला. मग ते उंबऱ्याला ठेचकाळले.

पहिल्याच आठवड्यात रेल्वे आणि कोर्ट समोरासमोर आले. रेल्वेत निरोप मिळाला की तो शब्दशः उलट म्हणून दाखवायचा. ऐकणाऱ्याने बरोबर ऐकलं याची ती खूण. कोर्टातले मुख्य कारकून, ज्यांना सगळे शिरस्तेदार म्हणत, ते म्हणाले, "हा गठ्ठा कपाटात ठेवा." हे ताठ उभे राहून म्हणाले, "हा गठ्ठा कपाटात ठेवा. समजलं." शिरस्तेदारांनी वर बघितलं. "चेष्टा करता?" "चेष्टा करता? समजलं," हे सवयीने म्हणाले. शिरस्तेदारांनी पुढे दोन दिवस ह्यांच्याशी फक्त खुणांनी व्यवहार केला. त्यात मात्र गैरसमज झाला नाही, कारण खुणा ह्यांना कंदिलाच्याही कळतात.

शिवाय रेल्वेत दुसरा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत जागा सोडायची नसते. कचेरी सुटली, सगळे गेले, पंखेसुद्धा थांबले, हे आपले बसलेले. शेवटी कुलपं लावायला आलेल्या पहारेकऱ्याला "आवक-जावक तुमच्या ताब्यात" असं सांगून, त्याच्याकडून तेच वदवून घेऊन घरी आले. पहारेकऱ्याला ते इतकं आवडलं की तो रोज वाट बघू लागला.

असं बरं चाललं होतं. तेवढ्यात न्यायाधीशसाहेबांच्या दालनातला पट्टेवाला रजेवर गेला. कुणीतरी दाराशी उभं राहायला हवं, पक्षकारांना पुकारायला हवं. शिरस्तेदारांनी खूण केली ती ह्यांच्याकडे. नेमणूक कारकुनाची, काम दाराशी उभं राहण्याचं. मी सगळ्या गल्लीला खुर्ची सांगून बसले होते आणि खुर्चीचा पत्ता नव्हता. जाऊबाईंनी विचारलं, "बसायला मिळतं ना हो भावोजींना?" मी म्हटलं, "साहेबांच्या अगदी जवळ असतात." खोटं नव्हतं. उभे होते, एवढंच सांगितलं नाही.

आता साहेबांच्या टेबलावर एक घंटी होती. साहेबांनी घंटी दाबली की पुढचं प्रकरण घ्यायचं. पहिल्या दिवशी ती टण्णकन वाजली आणि आमच्या ह्यांनी झटकन दालनाची दोन्ही दारं लावली, खिटी सरकवली, पाठ दाराला लावली आणि हात आडवे धरले. बाहेर तीन वकील, आत न्याय.

बाहेरून दारावर थापा पडू लागल्या. थापांचं ह्यांना काय? ज्याने आयुष्यभर भोंगे ऐकले त्याला थापा म्हणजे कौतुकच. साहेबांनी मान वर केली. ते वयस्क, किरकिऱ्या पोटाचे, गोंगाटाने गांजलेले गृहस्थ होते. त्यांनी कान दिला. व्हरांड्यातली टंकलेखन यंत्रं, चहावाल्यांची आरडाओरड, वकिलांचे वाद, सगळं दाराबाहेर राहिलं होतं.

"वा," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. असंच चालू द्या."

"असंच चालू द्या. समजलं," हे म्हणाले.

आणि तसंच चालू झालं. घंटी वाजली की दार बंद, प्रकरण संपलं की दार उघडं. वकील ह्यांना 'फाटकवाले' म्हणू लागले, पण वेळेवर येऊ लागले. साहेबांचं पोट सुधारलं. शिरस्तेदार चक्क तोंडाने बोलले. ह्या माणसाने कोर्टाला शिस्त लावली, अशी बातमी गल्लीत आली तेव्हा मी पुन्हा एकदा हळू आवाजात सगळ्यांना सांगितली.

फक्त कायदेकाकांनी मान हलवली. "वहिनी, हे बरं नाही. न्यायालय उघडं असावं लागतं. तसा कायदाच आहे. दार लावून न्याय करत नाहीत, दार लावून भांडतात."

मला ते मत्सराचं बोलणं वाटलं. दुपारपर्यंत थांबून मी मनातल्या मनात त्यांना कडू बोलून घेतलं.

मग शिलाईवाल्या बाईंची तारीख आली. सकाळपासून त्या व्हरांड्यात बसून होत्या. एकामागून एक प्रकरणं चालली, ऊन चढलं, घसा कोरडा पडला. त्या आवाराच्या कोपऱ्यातल्या नळावर पाणी प्यायला गेल्या. नेमकी घंटी वाजली. दार लागलं. ह्यांनी साहेबांकडे तोंड करून, कारण साहेबांना पाठ दाखवायची नाही, बाईंचं नाव तीनदा पुकारलं. नाव लाकडाला आपटून परत आलं. तेवढ्यात बाई धावत आल्या, दारावर थापा मारू लागल्या. थापा ह्यांनी ऐकल्या. पण फाटक पडलेलं असताना बाहेरचा कितीही ओरडला तरी उघडायचं नाही, ही त्यांच्या हाडांत मुरलेली गोष्ट. गाडी जाऊ द्यायची, मग उघडायचं.

गाडी गेली. प्रतिवादी गैरहजर, निकाल मालकाच्या बाजूने, महिनाअखेर खोली रिकामी करावी. मग दार उघडलं. समोर बाई होत्या. त्यांच्या हनुवटीवर पाण्याचे थेंब अजून तसेच होते, असं हे मला म्हणाले. एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत.

थोड्या वेळाने बाई आमच्या दारात आल्या. मला वाटलं आता गल्ली गोळा होणार. पण त्या भांडायला आल्याच नव्हत्या. मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं.

"दादा, मी होते तिथे."

"होतात," हे म्हणाले.

"दार वाजवलं होतं मी."

"ऐकलं होतं."

"तिथले एक वकील म्हणाले, अर्ज करता येतो. निकाल मोडून पुन्हा सुनावणी होते. पण मी हजर होते हे कुणीतरी सांगायला हवं. व्हरांड्यातल्या सगळ्यांना विचारलं. कुणी बघितलं नाही म्हणतं. सगळ्यांना त्याच दारातून रोज आत जायचंय. मला उचलून दुसरीकडे ठेवा, मी राहीन. बहिणीला कुठे ठेवू? तिचं झाड कसं नेऊ?"

हे उठून उभे राहिले. फाटकावर उभे राहायचे तसे. "बाई हजर होत्या. दार मी बंद केलं होतं. हे साहेबांसमोर सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

बाई पाणी प्यायल्या आणि पेला विसळून पालथा ठेवून गेल्या.

ही बातमी कोर्टात आमच्या ह्यांच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी ह्यांना दप्तराच्या कपाटामागे नेलं. तिथलं संभाषण ह्यांनी मला शब्दशः सांगितलं. शब्दशः सांगणं त्यांना जमतं.

"दार बंद नव्हतं," शिरस्तेदार म्हणाले.

"मीच लावलं होतं."

"तुम्ही लावलं असेल. पण ते बंद नव्हतं. कोर्टाचं दार कायद्याने उघडं असतं. ते बंद होतं असं तुम्ही म्हणालात, तर इतके दिवस साहेबांनी दिलेल्या प्रत्येक निकालाचं काय? सगळे वकील उद्या अर्ज घेऊन रांगेत उभे राहतील. आणि साहेबांची बढती पुढ्यात आहे."

"पण बाई होत्या."

"तुम्हाला दिसल्या?"

"दार बंद होतं, तर दिसणार कशा?"

"झालं तर! बाई दिसल्या नाहीत, एवढंच सांगा. खोटं नाही ते." आणि मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "उमेदवारीचा अहवाल मला लिहायचाय. चांगला लिहायची इच्छा आहे."

आमच्याकडे सल्ल्याचा पूर आला. ज्या कायदेकाकांनी आधी सावध केलं होतं, तेच आता म्हणाले, "आता गप्प बसा. खरं बोलायची वेळ होती तेव्हा दार लावलंत, आता वकिलांची वेळ आहे. आणि बोलणारच असाल तर एक लक्षात ठेवा, त्या बाईंबरोबर रस्त्यात दिसू नका. साक्षीदार पक्षकाराबरोबर चालताना दिसला की साक्ष गेली." जाऊबाई म्हणाल्या, "तिला दुसरी खोली मिळेल हो. भावोजींना दुसरं फाटक मिळणारेय का?" मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मी तेच मनात घोळवत होते, फक्त इतकं नेटकं मला सुचलं नव्हतं.

त्या दिवसांत माझ्या जपाचं काही खरं नव्हतं. बोटं मणी ओढत होती आणि डोळ्यांसमोर शिरस्तेदार येत होते. देवापेक्षा त्यांचं दर्शन जास्त झालं. बाईंनी केलेल्या अर्जाच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दिवा लावून मी ह्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "अहो, उद्या ताप आलाय असं कळवलं तर?"

"कुणाला आलाय?"

"येईल की."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "अगं, फाटकावर होतो तेव्हा एक बरं होतं. गाडी जाते ती दिसते. धाडधाड जाते, मग आपण उघडतो. लोक शिव्या देतात, पण त्यांनाही दिसतं की गाडी होती म्हणून थांबवलं." पायाची बोटं मोडत ते बोलत होते. "इथे मी दार लावलं, उघडलं. गेलं काय ते मला दिसलंच नाही."

माझ्याकडे त्या वेळी कडूही नव्हतं आणि गोडही.

सकाळी ते नेहमीसारखे उठले. दाढी केली. चष्मा फळीवरच राहू दिला. मी पोळ्या लाटल्या, भाजी केली, डबा भरला, कडी लावली आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, थोडा वेळ हातात ठेवला आणि परत माझ्या हातात दिला.

"राहू दे. आज जेवायला घरीच येईन बहुतेक."

मी डबा उघडून भाजी पुन्हा पातेल्यात ओतली आणि झाकण ठेवलं. थोडी सांडली. पुसून घेतली.

खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं. शिलाईवाल्या बाई बाहेर आल्या, आपल्या खिडकीत डोकावून आत बहिणीला काहीतरी म्हणाल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि आमच्या दाराकडे न बघता चालू लागल्या. हे जिन्यात थांबून होते. बाई वळणापर्यंत पोचल्या, मग ह्यांनी चपला घातल्या, खालच्या पायरीवर बसलेल्या मांजराला वळसा घातला आणि निघाले. रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, बरंच अंतर ठेवून, सावकाश.